पडक्या मठातली केझाया

केझाया ट्रॉटला जोगीण व्हायचं नव्हतं. तिला कोंबड्या पाळायच्या होत्या. पण थॉर्नकमच्या तळ्यापलीकडे टेकडीवर जो पडका मठ आहे, त्यात राहायचं तर जोगीण व्हावं लागे आणि तिला राहायला दुसरी जागा उरली नव्हती.

मठ म्हणायचं आपलं. तिथं कधी कुणी साधू राहिला नाही की कुणी प्रार्थना म्हटली नाही. आमच्या गावचे जमीनदार सर लायोनेल तरुणपणी इटलीला जाऊन आले आणि येताना डोक्यात खूळ घेऊन आले. आल्या आल्या त्यांनी गाईंचं कुरण खणून तळं केलं. तळ्याकाठी पांढऱ्या खांबांचं देऊळ बांधलं आणि आत एक उघडीवाघडी रोमन देवी उभी केली. तिची पूजा कुणी करायची नाही, पाहुण्यांनी तिच्यासमोर बसून चहा प्यायचा. एवढ्यानंही भागलं नाही. वाड्याच्या गच्चीवरून समोरची टेकडी रिकामी दिसते म्हणाले, नजर कुठं टेकत नाही. मग नजर टेकायला पडका मठ हवा झाला. खरा पडका मठ आमच्याकडे एके काळी होता, पण त्याचे दगड आमच्याच आजे-पणज्यांनी डुकरांच्या खुराड्यांना लावून टाकले होते. तेव्हा नवा पडका मठ बांधायचं ठरलं.

तो बांधला केझायाच्या नवऱ्यानं. ओबेड ट्रॉट म्हणजे आमच्या गावचा पाथरवट. त्याच्या हातची भिंत ओळंब्याला केसभर चुकत नसे. आणि नेमका तिथंच घोळ झाला. सरसाहेब रोज काठी घेऊन यायचे, भिंतीकडे बघून मान हलवायचे आणि म्हणायचे, "ट्रॉट, हे फारच नीट झालंय. इथं जरा पडू दे. आणि ती कमान, तिला अजून थोडं दुःख हवं."

"कमानीला दुःख कसं द्यायचं असतं गं?" ओबेड घरी येऊन बायकोला विचारायचा. "आज दिवसभर कालचं पाडलं. उद्या आजचं पाडलेलं पुन्हा बांधायचं, पण वाकडं."

"मग त्यात काय एवढं? आपली चूल तर तू कुणी न सांगताच वाकडी बांधलीस," केझाया म्हणायची.

हसता हसता ओबेडला खोकला यायचा. नवा दगड जुना दिसावा म्हणून तो घासायचा, त्याच्या कडा झिजवायच्या, मग शेवाळ धरावं म्हणून वर आंबलेलं ताक आणि शेण फासायचं. त्या घासण्यातली धूळ ओबेडच्या छातीत जाऊन बसली. ताकाचं शेवाळ दगडावर चांगलं धरलं. धुळीनं ओबेडला धरलं.

मठ पुरा झाला आणि सरसाहेबांच्या लक्षात आलं, की टेकडीखालची चार घरं मधे येतायत. घरं पाडली. त्यात ट्रॉटांचंही एक होतं. सरसाहेब काही दुष्ट नव्हते, हे मी मुद्दाम सांगतो, कारण दुष्ट माणसावर रागावणं सोपं असतं. त्यांनी कुणाला उघड्यावर टाकलं नाही. बाकीच्यांना हमरस्त्याला खोल्या दिल्या आणि आजारी ओबेडला त्यानंच बांधलेल्या मठामागची खोली दिली. पुढून उंच कमानी, टोकदार खिडक्या, वेली. मागे एकच खोली, एक चूल आणि रानाकडं उघडणारा झरोका. पुढच्या खिडक्यांच्या मागे भिंतच होती, काचा नुसत्या काळ्या रंगवलेल्या. उजेडाला आत यायला वावच नव्हता.

त्या खोलीपायी केझायानं जोगीण व्हायचं. वाड्यावर पाहुणे आले, की तळ्याकाठच्या देवळावर तांबडं निशाण चढे. ते दिसलं, की हातातलं काम टाकून राखाडी झगा अंगावर चढवायचा, मागच्या पायऱ्यांनी मोठ्या कमानीत जायचं आणि हातात पोथी धरून मान खाली घालून उभं राहायचं. पलीकडून पाहुणे रुमाल हलवायचे.

"जोगीण उलटून हात करत नाही, समजलं ना?" कारभारी क्रिम्बल यांनी पहिल्याच दिवशी ताकीद दिली होती. "आणि पुढच्या अंगाला धुणं वाळत घालायचं नाही. कोंबड्या तर नाहीच नाही."

"कोंबड्यांनी काय केलंय, साहेब?"

"कोंबडी दिसली की गांभीर्य जातं, बाई."

आमचे पाद्रीबाबा यावर धुसफुसले. मठ आणि जोगिणी आपल्या इंग्लंडनं कधीच मोडीत काढल्या, असं त्यांचं म्हणणं. पण रविवारचं जेवण वाड्यावर असल्यानं ते म्हणणं त्यांनी घशाखालीच ठेवलं.

ओबेडला मात्र बायकोची फार गंमत वाटायची. ती झगा चढवायला लागली, की अंथरुणातून म्हणायचा, "मला आशीर्वाद देऊन जा गं माई." ती त्याच्यावर पोथी उगारायची. पोथी म्हणजे तरी काय, घोड्यांच्या दुखण्यांवरचं जुनं पुस्तक. तिला वाचता कुठं येत होतं!

त्यांना एकच लेक, डॉर्कस. वाड्यावर भांडी घासायला होती. रविवारी तेवढी तिला घरी यायची मोकळीक. एरवी ती वाड्याच्या मोरीच्या दारात उभी राहिली, की तळ्यापलीकडचा मठ तिला दिसायचा. "मी पातेलं घासताना तुझ्याकडं बघते आई," ती म्हणायची. "बाकीच्या पोरींची आई थोडीच अशी दिसते?" तिला आईचा भारी अभिमान होता. बापावर तर तिचा जीवच होता.

ज्या दिवसाची गोष्ट सांगायची, तो ऑगस्टातला. वाड्यावर बाईसाहेबांचा वाढदिवस होता. आदल्या रविवारी ओबेड उन्हात बसला होता, लेकीनं आणलेल्या गूसबेरी मिटक्या मारत खाल्ल्या होत्या. "बाबा सुधारतायत हं," असं म्हणून डॉर्कस निर्धास्त परत गेली होती. पण आठवडाभरात तो खालावला. आणि त्या दिवशी सकाळी खोकल्याबरोबर रक्ताची गुळणी आली. चादर बघून त्याला काय ते कळलं. तिलाही कळलं.

"केझी," तो म्हणाला, "डॉर्कसला बोलाव."

"येईल की रविवारी."

"रविवार माझ्या हातात नाही आता. बोलाव तिला. मला पोर बघायचीय."

बोलावणार कशी? होडी वाड्याच्या काठाला बांधलेली असायची. तळ्याला वळसा घालून गिरणीवरून जायचं तर जाऊन येईस्तोवर अर्धा दिवस मोडला असता आणि तेवढा वेळ त्याला एकट्याला ठेवून जायची तिची छाती होईना. एरवी लाकूडतोडे मागच्या वाटेनं जायचे, त्यांच्याकडं निरोप देता आला असता. पण आज झाडून सगळे वाड्यावर, पाहुण्यांचे घोडे धरायला. केझाया दारात जायची आणि परत यायची. दर वेळी ओबेड विचारायचा, "कुणी दिसलं?"

दुपार कलल्यावर देवळावर तांबडं निशाण चढलं.

ते बघून केझायाला इतकं हायसं वाटलं, की रडूच फुटलं. आता सगळा वाडा इकडंच बघणार! तिनं झगा घेतला नाही. पांढरी चादर ओढली, पायऱ्या चढून कमानीत गेली आणि दोन्ही हातांनी चादर हलवायला लागली. "डॉर्कस! डॉर्कसला धाडा!" वारा तोंडावर होता. पलीकडं वाजंत्री चालली होती.

गच्चीवरच्या माणसांनी तिला बघितलं. आधी एक रुमाल हलला, मग दुसरा, मग सगळी गच्ची पांढरी झाली. आजवर कधी न हललेली जोगीण आज हात करतेय! तिनं आणखी जोरात चादर हलवली, तशी त्यांनी टाळ्या पिटल्या. क्रिम्बलसाहेबांना वाटलं, बाईनं वाढदिवसानिमित्त काही खास बसवलंय. सरसाहेबांना वाटलं, हे क्रिम्बलनं बसवलंय. कुणाला काय वाटलं ते आम्हाला मागाहून कळलं. तिला त्या वेळी एवढंच दिसलं, की काठावरची होडी सुटली.

ती धावत खाली आली. "होडी निघाली रे! येतायत."

"डॉर्कस?"

"तीच असणार. दुसरं कोण येणार?"

ओबेडच्या चेहऱ्यावर रंग आला. "माझं तोंड पूस," तो म्हणाला. "असलं रक्त बघून घाबरेल पोर." तिनं ओल्या फडक्यानं त्याचं तोंड पुसलं, केस विंचरले, पाठीशी उशी देऊन त्याला दाराकडं तोंड करून बसवलं. मग होडी कुठवर आली ते बघायला पुन्हा वर गेली.

होडी तळ्याच्या मधोमध थांबली होती. तिच्यात डॉर्कस नव्हती. एक तरुण साहेब मांडीवर कागद घेऊन चित्र काढत होता, एका बाईनं त्याच्यावर छत्री धरली होती आणि तिसरा वल्ही वर उचलून बसला होता, पाणी हलू नये म्हणून.

"माझा माणूस चाललाय!" केझाया ओरडली. "अहो, माझा माणूस चाललाय!"

छत्रीवालीनं ओठांना बोटं लावून तिच्याकडं एक मुका फेकला. चित्र काढणाऱ्यानं हातानं खूण केली, की अशीच राहा, जरा अशीच राहा. आणि सांगायला जीभ रेटत नाही, पण ती राहिली. तिला वाटलं, यांचं मन राखलं तर येतील. चादर वर धरून ती तशीच उभी राहिली, हात भरून येईपर्यंत. मग त्या साहेबानं कागद मिटला, वल्ही पाण्यात पडली आणि होडी वळली. वाड्याकडं.

ती खाली आली तेव्हा ओबेडची नजर दारावरच होती. बोलायचं त्राण उरलं नव्हतं. त्यानं नुसत्या भुवया उचलल्या.

"उतरली हं काठावर," केझाया म्हणाली. "टेकडी चढतेय. आलीच."

त्यानं मान हलवली. दाराकडं बघत राहिला. बराच वेळ तसाच बघत राहिला आणि मग त्याचं बघणं संपलं, हे तिला लगेच कळलंही नाही.

संध्याकाळी डॉर्कस आली. क्रिम्बलसाहेबांनी खूश होऊन तिला होडीनं पाठवलं होतं, हातात मांस भरलेल्या पाईचा अर्धा तुकडा आणि फडक्यात बांधलेला केक देऊन. टेकडी चढतानाच तिची बडबड चालू झाली होती.

"आई! अगं काय केलंस तू आज! सगळा वाडा तुझंच बोलतोय. बाईसाहेब म्हणाल्या, असा वाढदिवस कधी झाला नव्हता. आणि आम्ही सगळ्या पोरी मोरीच्या दारात! मी सगळ्यांना सांगितलं, ती माझी आई. मी पण हात केला, दिसले का तुला? घासायचं फडकं घेऊन मी अशी..." फडकं हलवल्यासारखा हात वर करून ती दारातून आत आली आणि बापाला बघून तिचा हात तसाच वर राहिला.

ती कशी रडली ते मी सांगत नाही. रडून झाल्यावर बापाचा हात हातात घेऊन बसली आणि तिनं विचारलं, "कधी?"

"आत्ताच. तू यायच्या जरा आधी," केझाया म्हणाली. हात गार झाला होता, तो तिनं लेकीच्या हातातून सोडवून चादरीखाली सारला. "झोपेतच गेला. काही त्रास झाला नाही त्याला."

"मला बोलवलं असेल ना गं त्यांनी?"

"नाही गं. दुपारी बरा होता तो."

"मग आम्ही हात करत होतो तेव्हा?"

केझायानं लेकीच्या तोंडाकडं बघितलं. कोवळं वय, कोपरापर्यंत राखेनं घासून लाल झालेले हात. खरं सांगितलं असतं, तर केझायाला ते ओझं एकटीनं वाहायला लागलं नसतं. पण ते पोरीला जन्मभर पुरलं असतं.

"जागा होता की," ती म्हणाली. "मी खाली येऊन सांगितलं त्याला, डॉर्कसनं हात केला म्हणून."

"आणि बाबा?"

"हसला."

ओबेडला पुरल्यावर दुसऱ्याच आठवड्यात निशाण चढलं आणि केझाया झगा घालून कमानीत जाऊन उभी राहिली. खोली सोडायची तर जाणार कुठं? पण त्यानंतर तिनं मान कधी वर केली नाही. पाहुण्यांना ते फार आवडलं. पूर्वीपेक्षा आता जास्त खरी वाटते, असं ते म्हणत.

पुढं डॉर्कसचं पिंपं बनवणाऱ्या एकाशी लग्न झालं, तिनं आईला हमरस्त्याच्या घरी आणलं. केझायाला म्हातारपणी का होईना, कोंबड्या मिळाल्या. खरं काय झालं ते तिनं प्रेत न्यायला आलेल्या माझ्या बापाला सांगितलं होतं, आणि त्याच्याकडून ते गावाला कळलं. आमच्या गावात गुपित टिकत नाही, पण हे टिकलं. डॉर्कसला कुणी एका अक्षरानं सांगितलं नाही.

तिला बिचारीला ती गोष्ट सांगायची भारी हौस. सुगीच्या जेवणाला सगळे जमले, की सायडरचा पेला हातात घेऊन ती पोरांना गोळा करायची आणि सुरू व्हायची: आजी कमानीत कशी उभी होती, चादर कशी हलवत होती, मी फडक्यानं कसा हात केला, आणि आजोबा शेवटच्या दिवशीसुद्धा कसे हसले. आम्ही सगळे ताटात बघत बसायचो. सांगून झालं, की ती आईकडं वळायची.

"आई, सांग ना गं पोरांना. बाबा कसे हसले होते?"

आणि केझाया हातातली भाकर खाली ठेवायची, दर वर्षी, आणि हसून दाखवायची.