गाठीवालीचे बारा डबे

बायकोसोबत मी शेवटचं काम केलं ते डबे पुसायचं. बारा डबे. प्रत्येकात एकेका घाण्याची मूठभर तूरडाळ आणि एक सुतळी. सुतळीवर लाल दोऱ्याच्या गाठी म्हणजे मशीनच्या रोलमधली फट, पांढऱ्या म्हणजे पाणी, हिरव्या म्हणजे तेल. तिला अक्षर येत नव्हतं. लोहाऱ्याच्या डाळ मिलमध्ये सगळे तिला गाठीवालीच म्हणायचे.

वीस वर्षं मशीन तिनंच लावली. तूर बदलली की बारा घाणे बारा तऱ्हेनं काढायची. ज्यांत चुरी, म्हणजे तुटकी डाळ, कमी निघाली ते तीन ठेवायचे, बाकीचे विसरायचे. मग एकाची फट, दुसऱ्याचं पाणी घेऊन पुन्हा बारा. त्यातला एक घाणा मुद्दाम वेडावाकडा. मी म्हटलं, हा कायले?

"सगळे शहाणे एकाच गल्लीत जाऊन बसतात," ती म्हणाली. "एक येडा बाहेर हिंडाले पाह्यजे."

मग मालकानं कॉम्प्युटरवाला आणला. गोड बोलायचा, म्हणून मला त्याचा जास्तच राग. त्याचा प्रोग्राम डोळे बांधून डोंगर उतरणाऱ्या माणसासारखा चालायचा. जरा इकडे, जरा तिकडे पाय लावून पाहायचा आणि चुरी जिकडे कमी होईल तिकडे एक पाऊल टाकायचा. त्या उताराला तो ग्रेडियंट म्हणे. पाणी किती द्यायचं ते दोन-तीन घाण्यांत बरोबर काढायचा. बायकोनं कौतुक केलं, ते मी लपवत नाही.

पण ढाणकीकडची कडक तूर आली आणि प्रोग्राम एका जागी अडकला. कुठंही सरकला तरी चुरी वाढे. त्याला वाटलं, पायथा आला.

"बापू, हा खड्डा हाय, पायथा नाही," ती त्याला म्हणाली. "पाणी तुमच्या रीतीनं पाहा. पण फट अन् तेल जोडीनं बदलते, तिथं माह्ये बारा सोडा."

तो सगळ्यांदेखत हसला. म्हणाला, काकू, याला उत्क्रांतीची पद्धत म्हणतात, बारा घाण्यांची तूर वाया घालवायची. मालकाला ते पटलं. तिला घरी बसवलं. जाताना हातावर साधा नारळही ठेवला नाही.

त्या शेवटच्या दिवशी डबे पुसताना एक तिनं उन्हात धरला. "ढाणकीच्या तुरीचं उत्तर यात हाय. बोलावतीन मले." मग चहा मागितला. मी कप घेऊन आलो तोवर ती गेली होती. डबा मांडीवरच होता.

तेरवीनंतर तो कॉम्प्युटरवाला आला. डोळ्यांत पाणी होतं, खरंही असेल. पण चहा अर्धा झाला आणि बोललाच, "काका, काकूंचे डबे मिळतील का? चुरी थांबतच नाही. आता त्यांचीच पद्धत लावतो."

"त्या दिवशी हसले ते काहून?"

त्यानं उरलेला चहा एका घोटात संपवला. मी म्हटलं, उद्या या.

ती असती तर तिनं स्वतः डबे त्याच्या गाडीत नेऊन ठेवले असते. ती तशी होती. मी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाराही सुतळ्या चुलीत घातल्या आणि त्याच जाळावर चहा केला. डबे परातीत ओतले, डाळ हातानं नीट कालवली, पिशवीत भरली. तो आला तेव्हा पिशवी त्याच्या हातात दिली.

"सगळं यातच हाय," म्हटलं. "शोधा आता उतार."