दिवे वाढले

आडनाव टेंबे आणि धंदा दिव्यांचा, म्हटल्यावर डोंबिवलीत श्रीपादची थट्टा व्हायचीच. टेंबे टेंभा मिरवतात, असं लोक म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. कल्याणच्या रेल्वे शेडमध्ये डब्यांतले दिवे-पंखे दुरुस्त करण्यात त्याची नऊ वर्षं गेली. मग पन्नास साली चांगली पेन्शनीची नोकरी सोडून त्याने स्टेशनपासून चार पावलांवर 'टेंबे इलेक्ट्रिक' अशी पाटी लावली. वडिलांनी तीन महिने बोलणं टाकलं. श्रीपादला त्याचं काही वाटलं नाही, कारण वडील चुकताहेत याबद्दल त्याची पुरती खात्री होती.

त्याला खात्री नाही अशी गोष्ट मुळात कमीच. गिऱ्हाईक तक्रार सांगायला तोंड उघडी, आणि अर्ध्या वाक्यातच श्रीपाद म्हणे, "कळलं." पुढचं ऐकायची गरज त्याला वाटत नसे. "तार खोटं बोलत नाही, माणसं बोलतात," हे त्याचं ठरलेलं वाक्य. दहापैकी नऊ वेळा त्याचं बरोबरच निघे, हीच खरी पंचाईत होती.

छप्पन साली पौषात, दशमीच्या सकाळी, जनाबाई त्याच्या दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. खाडीकाठच्या कोळ्यांच्या गावातून ती रोज मासळीची पाटी घेऊन डोंबिवलीच्या बाजारात यायची. पन्नाशीची बाई, आवाज खणखणीत. टेंब्यांकडे मासळी चालत नसे, म्हणून पाटी तिने आपणहून रस्त्यावर ठेवली आणि पदराने हात पुसत विचारलं, "भाऊ, टॅक्टरला दिवं लावून देता का?"

गावच्या सोसायटीने एक जुना, लहानखुरा, राखाडी ट्रॅक्टर घेतला होता. जनाबाईचा भाचा कान्हा तो चालवायचा. खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून गावाने घातलेला बांध मागच्या उधाणाला पाणी ओसरताना फुटला होता, म्हणून शेतं थोडक्यात बचावली होती. अशा फुटलेल्या जागेला ते लोक खांड म्हणत. ट्रॅक्टरने मुरूम ओढून खांड बुजवायचं काम चाललं होतं, आणि खांडीच्या अगदी तोंडाशी पहिलं शेत होतं ते जनाबाईचं.

"पुनवेचं उधान मोठं हाय," ती म्हणाली. "खारं पानी एकदा आत शिरलं का तीन पावसालं भात नाय. मालक गेलं तवापासून तेवढंच हाय माझं. मासलीचं काय, खाडी देल तवा खावाचं."

"मग दिवसा उरका की."

"भाऊ, ओहोटी काय तुमचं घड्याल बघून येते?" तिने बोटांवर हिशेब करून दाखवला. तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं, की मोठ्या बंदराच्या भरतीचा तास निघतो. खाडीत इतक्या आत पाणी यायला आणखी तासभर लागतो. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. रोज ती पाऊण तास पुढे सरकणार, म्हणजे तेरस-चौदसला पाणी हटेल ते ऐन सूर्य बुडताना. गॅसची बत्ती तिथल्या वाऱ्यावर टिकत नाही. ट्रॅक्टरला तर मुळात दिवेच नव्हते.

श्रीपादने मनात गुणाकार करून पाहिला. हिशेब चोख होता. शाळेची पायरी न चढलेल्या बाईचं त्याला कौतुक वाटलं, आणि कौतुक वाटलं की तो वचन देऊन बसे. "जनाबाई, असे दिवे लावतो की खाडीतल्या माशांना वाटेल उजाडलं!"

"म्हंजी माझ्या जाल्यात नाय यायचं!" असं म्हणत ती पाटी उचलून गेली.

एकादशीला कान्हाने ट्रॅक्टर दुकानासमोर आणून उभा केला आणि अर्धी डोंबिवली बघायला जमली. श्रीपादला दुसरं काय हवं होतं? लढाई संपल्यावर कल्याणच्या लष्करी छावणीतला माल लिलावात निघाला होता, त्यातले चार जाड काचेचे दिवे त्याने राखून ठेवले होते. दोन त्याने नाकाडावर बसवले आणि दोन मागच्या चाकांवरच्या पत्र्यांवर, तोंडं मागे करून, म्हणजे मुरूम ओतताना खांड दिसेल. डायनामोला किती झेपेल ते कागदावर मांडून पाहिलं. तारा रबराच्या नळीतून ओवल्या, फ्यूज घातला, हाताशी बटण दिलं. एका बाजूने हे चालू असताना दुसऱ्या बाजूने व्याख्यानही चालू होतं.

"प्रत्येक दिव्याला एकच तार?" कान्हाने विचारलं. "घरात तं दोन असतात."

"दुसरी तार म्हणजे हे लोखंड." श्रीपादने ट्रॅक्टरच्या अंगावर थाप मारली. "वीज तारेतून जाते आणि लोखंडातून परत येते. याला म्हणतात अर्थ. अर्थ नसेल तर दिवा पेटायचा नाही. माणसाच्या बोलण्याचंही तसंच!"

जमलेली मंडळी हसली. आपलं वाक्य श्रीपादला इतकं आवडलं की ते त्याने संध्याकाळी सरोजलाही ऐकवलं. सरोज, त्याची बायको, तांदूळ निवडता निवडता "हं" म्हणाली. चारही दिवे लखलखीत लागले होते, आणि बारशीला सकाळी ट्रॅक्टर गावाकडे गेला.

तेरशीच्या सकाळी जनाबाई दुकानाशी आली. चेहरा उतरलेला. "भाऊ, मागचं दोनी दिवं वाढलं काल."

"कळलं," श्रीपाद म्हणाला.

त्याला खरोखरच कळलं होतं, निदान तसं वाटलं होतं. इंजिन जोरात पळवलं की डायनामो चढतो, दिवे भगभगीत होतात आणि शेवटी बल्ब उडतात. रेल्वेत असताना त्याने हे शंभरदा पाहिलं होतं. "अहो, वाढणारच! उलट चांगलंच आहे. जास्त वाढू नयेत एवढंच बघायचं."

जनाबाई त्याच्याकडे बघतच राहिली. "चांगलं हाय?"

"मग! कान्हाला सांगा, डायनामोच्या पेटीत मी तांबडी खूण केलेला स्क्रू आहे, तो अर्धा फेरा डावीकडे फिरव. लगेच आवरतील."

जनाबाईने आणखी काही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण श्रीपाद दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या इस्त्रीकडे वळला होता. ती पाटी उचलून मुकाट्याने गेली, आणि जनाबाई मुकाट्याने गेली ही गोष्ट काही साधी नव्हती. पण आमच्या टेंब्यांच्या ती ध्यानात आली नाही.

चौदशीच्या सकाळी ती दुकानावरून गेली ती थेट पुढे. मान वळवली नाही. श्रीपादने हाक मारली, "काय जनाबाई, आवरले का?" ती चालता चालताच म्हणाली, "आवरलं, भाऊ. चारी आवरलं." आणि गर्दीत दिसेनाशी झाली. श्रीपादला वाटलं, बाई आज घाईत आहे.

दुपारी तो जेवायला बसला होता. सरोज पाण्याचा हंडा सरकवायला गेली, तिचा हात काठावर आपटला आणि काचेचा आवाज झाला.

"अगबाई, वाढली!"

"पुरे गं, आता काही वाढू नकोस," श्रीपाद ताटावर हात आडवा धरत म्हणाला.

"तुम्हाला कोण वाढतंय? बांगडी वाढली माझी." ती वाकून तुकडे वेचू लागली.

श्रीपादचा हात ताटावर तसाच राहिला. बांगडी फुटली असं बाई म्हणत नाही. अशुभ शब्द तोंडातून नको म्हणून ती वाढली म्हणते. हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. पण...

"सरोज, दिव्यालाही तसंच म्हणतात का? वाढला?"

"माझ्या आजोळी म्हणायचे की. दिवा विझला असं बोललेलं आजीला खपत नसे. दिवा वाढला म्हणायचं. का हो?"

श्रीपादने हातातला घास ताटात ठेवला. ती बाई सांगायला आली होती की मागचे दिवे बंद पडले, आणि आपण तिला म्हणालो, चांगलंच आहे. वर तो स्क्रू! डायनामोचं बळ आपणच कमी करायला लावलं, म्हणजे बॅटरी भरलीच नसणार आणि काल पुढचेही गेले असणार. चारी आवरलं, हे तिचं बोलणं आता त्याला ऐकू आलं. आज चौदस. आजची ओहोटी गेली की मध्यरात्री उधाणाचं पाणी खांडीशी येणार. जनाबाईची तीन वर्षं आपल्या एका 'कळलं'मुळे बुडणार, या विचाराने त्याला खरीखुरी लाज वाटली. इतकी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

अर्ध्या ताटावरून तो उठला. दुकानातली भरलेली बॅटरी सायकलला बांधली, तारेचं वेटोळं गळ्यात अडकवलं आणि खाडीचा रस्ता धरला. वाट भातखाचरांतून गेलेली, सायकल चालवायची थोडी आणि ढकलायची फार. पोचला तेव्हा चार वाजून गेले होते. पाणी उतरत होतं. दोन पुरुष आडवे झोपतील एवढी खांड अजून उघडी होती, आणि बायका-माणसं डोक्यावरून मुरूम वाहत होती. कारण काल दिवे गेल्यावर तासभराचं काम बुडलं होतं, ते भरून काढायचं होतं.

जनाबाईने त्याला पाहिलं आणि पाटी खाली ठेवली. "आता काय, दिवं वाढलं ते बघाया आयलाव?"

"जनाबाई, मी चुकलो," श्रीपाद म्हणाला. हे दोन शब्द त्याच्या तोंडाला सवयीचे नव्हते, त्यामुळे ते जरा मोठ्याने आले आणि सगळ्यांनी ऐकले. "वाढलं म्हणजे उजेड वाढला, असं समजलो मी. तुमचं ऐकून घेतलं नाही."

जनाबाईच्या ओठाचा कोपरा हलला. "उजेड वाढला तं मी रडत कशाला येन, भाऊ? मना वाटलं, शिकल्याला मानूस, आमाला हसतो." मग वळून ओरडली, "कान्हा! भाऊंना टॅक्टर दे!"

मागच्या चाकावरच्या पत्र्याचे बोल्ट काढताच श्रीपादला सगळं दिसलं. खाडीच्या खाऱ्या चिखलात दोन महिने राबलेल्या त्या लोखंडात, पत्रा आणि अंग यांच्यामध्ये, गंजाचा पापुद्रा धरला होता. डोंबिवलीच्या कोरड्या रस्त्यावर दिवे लागले. इथे धक्के बसले, ओल आली आणि वीज परतायची वाटच तुटली.

"कान्हा, अर्थ गेला होता रे," तो म्हणाला. "दिव्याचाही गेला आणि माझाही."

या खेपेला व्याख्यान नव्हतं. इथल्या लोखंडावर भरवसा नको म्हणून चारही दिव्यांना त्याने दुसरी तार दिली, थेट बॅटरीपर्यंत. तांबड्या खुणेचा स्क्रू होता तिथे आणला. बॅटरी बदलली. बोटं गंजाने तांबडी झाली, धोतर चिखलात माखलं. सूर्य खाडीपलीकडे टेकला तेव्हा शेवटची गाठ बसली आणि कान्हाने बटण दाबलं.

चारही दिवे लागले. उघडी खांड, मुरुमाचा ढीग, चिखलातली पावलं, सगळं स्वच्छ दिसू लागलं. श्रीपाद शाबासकीची वाट बघत वळला. पण कोणी त्याच्याकडे बघतच नव्हतं. बायकांनी पाट्या खाली ठेवल्या होत्या आणि ट्रॅक्टरकडे तोंड करून हात जोडले होते. पुरुषांनीही जोडले. दिवेलागणीची वेळ, घरात दिवा लागला की जोडतात, तसेच. श्रीपादने आयुष्यभर दिवेच लावले होते, पण त्याने लावलेल्या दिव्याला असा नमस्कार कोणी केला नव्हता. त्यानेही हात जोडले.

वळलेलं पाणी साडेसातला पुन्हा चढून खांडीजवळ आलं तेव्हा शेवटची खेप खांडीत पडली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी पुनवेचं उधाण आलं, बांधाला चार बोटं कमी एवढं चढलं आणि परत गेलं. शेतात थेंब आला नाही.

त्यानंतर टेंबे इलेक्ट्रिकमध्ये एक चमत्कारिक पद्धत सुरू झाली. गिऱ्हाईक जे बोलेल ते श्रीपाद जसंच्या तसं पाटीवर लिहून घेई, आणि मग विचारी, "म्हणजे नक्की काय झालं?" लोक म्हणत, टेंब्यांना ऐकायला कमी येऊ लागलं. तो म्हणे, "उलट, आता कुठे यायला लागलंय." टेंभा मिरवणं काही सुटलं नाही, एवढं सांगायला हवं.

दिवाळीनंतर एका सकाळी जनाबाई दुकानाशी आली. डोक्यावर आज मासळीची पाटी नव्हती, गोणी होती. ती तिने थेट आत आणून गल्ल्यापाशी ठेवली आणि कमरेवर हात देऊन म्हणाली, "भाऊ, औंदा माझं भात वाढलं!"

श्रीपादने घाईघाईने पाटी ओढली, खडू उचलला, आणि हळूच विचारलं, "वाढलं म्हणजे, जनाबाई... नक्की काय झालं?"

जनाबाई हसता हसता पायरीवरच बसली. शेवटी तिने त्याच्या हातातला खडू काढून घेतला आणि त्याचा हात धरून गोणीत खुपसला. आत नवा तांदूळ होता, कोपरापर्यंत.

"वाढलं म्हंजी वाढलं, भाऊ!"