चाळीस वर्षांची हुर्यो

इथे परदेशात, क्वेकर्स हिल नावाच्या उपनगरात आम्ही घर घेतलं तेव्हा डावीकडच्या घरात एक आजोबा एकटेच राहायचे. सत्तरीच्या पुढचे, बुटके, शाळेची बस चालवून रिटायर झालेले. आवाज इतका हळू, की ते कुंपणापलीकडून बोलायला लागले की मला झाडांना पाणी घालायचा नळ बंद करावा लागायचा. कचऱ्याचे डबे रस्त्यावर ठेवायला आम्ही विसरलो तर ते ठेवायचे, आमच्या गेटला लिंबांची पिशवी अडकवून जायचे, आणि 'थँक यू' म्हटलं की लाजायचे. चार वर्षांत मला त्यांच्याबद्दल एवढीच माहिती झाली होती. नवरा आयटीत, मी वेस्टमीडला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, रक्ताचे नमुने तपासायला. शेजाऱ्याची अधिक चौकशी करावी असं काही घडलंच नव्हतं.

मग सासूबाई सहा महिने राहायला आल्या. त्या कोल्हापूरच्या. त्यांचे वडील तालमीत वस्ताद होते, त्यामुळे कुस्ती हा विषय आमच्या घरात देवधर्माच्या थोडा वरच्या पायरीवर होता. तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्यांनी घरातले सगळे पडदे दोनदा धुतले होते आणि आता त्या माझ्या कपाटाकडे बघायला लागल्या होत्या. अशात दुकानाच्या काचेवर त्यांना एक पोस्टर दिसलं. दोन धिप्पाड माणसं एकमेकांकडे बघून दात विचकत होती.

"ही कुस्ती आहे?" त्यांनी विचारलं.

"आई, ही आपल्यासारखी नाही. ह्यात कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं असतं."

"मग बघायला कोण जातं?"

"जातात पुष्कळ लोक."

"एवढी माणसं वेडी नसणार," त्या म्हणाल्या. "जाऊन बघू तरी."

म्हणून शनिवारी दुपारी मी त्यांना घेऊन कम्युनिटी हॉलमध्ये गेले. दोन-तीनशे माणसं, फोल्डिंगच्या खुर्च्या, बाहेर सॉसेज भाजायचा वास. आम्हाला अगदी पुढची रांग मिळाली. पहिल्या दोन कुस्त्या सासूबाईंनी हाताची घडी घालून, परीक्षक बसतात तशा बघितल्या. "मानेचा व्यायाम कमी पडतोय," एवढंच म्हणाल्या.

तिसऱ्या कुस्तीला एक आडदांड पैलवान आला आणि त्याच्याबरोबर त्याचा मॅनेजर. जांभळा चकचकीत कोट, काळाभोर केसांचा टोप, पीळदार मिशी, हातात चांदीच्या मुठीची काठी. हा मॅनेजर स्वतः लढत नाही. पैलवानाच्या वतीने बोलायचं, लोकांना चिडवायचं आणि पंचाची पाठ वळली की लबाडी करायची, हे त्याचं काम. त्याने माईक घेतला आणि सगळा हॉल ओरडायला लागला. तो शांतपणे थांबला. मग म्हणाला, "मी इथे ट्रेनने आलो. स्टेशनवर उतरलो, चहूकडे बघितलं आणि वाटलं, परत जावं. पण परतीची ट्रेन कॅन्सल झाली होती. म्हणून नाइलाजाने तुमच्याशी बोलतोय."

"काय म्हणतोय?" सासूबाईंनी विचारलं.

मी भाषांतर केलं. तीच माझी चूक झाली. पुढची दहा मिनिटं तो एकेक वाक्य बोलत होता आणि मी इमानदारीने मराठीत सांगत होते. सासूबाईंचा चेहरा लाल होत गेला. मग कुस्ती रंगात आली, समोरचा सज्जन पैलवान जिंकायला आला, आणि मॅनेजरने पंचाच्या मागून काठीची मूठ त्याच्या घोट्यात अडकवून त्याला पाडलं.

सासूबाई उठल्या. मला वाटलं बाथरूमला निघाल्या. त्या सरळ कठड्यापाशी गेल्या आणि खांद्यावरची पर्स गरकन फिरवून त्यांनी मॅनेजरच्या डोक्यात घातली. पर्समध्ये स्टीलचा डबा होता, कारण बाहेरचं खाणं त्यांना चालत नाही. ठण्ण असा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. टोप उडून माझ्या पायाशी पडला, आणि टोपाखाली आमचे शेजारचे आजोबा होते.

त्यांनी मला ओळखलं. एक डोळा किंचित मिटला, टोप उचलून उलटा घातला आणि डोकं धरून रिंगभोवती पळायला लागले. "पोलिसांना बोलवा," ते ओरडत होते. "ही बाई घातक आहे." सगळा हॉल उभा राहून सासूबाईंसाठी टाळ्या वाजवत होता. सासूबाईंनी पदर खोचला आणि जागेवर येऊन बसल्या. "तो आपला लिंबूवाला होता का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शिरा केला आणि आम्ही दोघी कुंपणापलीकडे गेलो. आजोबांच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं आणि ते विलक्षण खुशीत होते. त्यांनी सांगितलं, चाळीस वर्षं ते हेच करत आले होते. आठवडाभर शाळेची बस चालवायची, शनिवारी खलनायक व्हायचं. आजवर छत्र्या खाल्ल्या होत्या, गरम पॅटिस खाल्लं होतं तेही तोंडावर, एकदा कुणीतरी कवळी फेकून मारली होती. पण स्टीलचा डबा पहिलाच.

"ह्याला विचार," सासूबाई मला म्हणाल्या, "एवढा चांगला माणूस असून लोकांच्या शिव्या कशाला खातोस?"

मी विचारलं. आजोबांनी शिऱ्याचा घास संपवला. "लोक आठवडाभर कुणाकुणाचं ऐकून घेतात," ते म्हणाले. "साहेबाची हुर्यो करता येत नाही, बँकेची करता येत नाही. माझी करता येते. आणि मी जितका वाईट, तितका समोरचा पोरगा चांगला दिसतो. माझं काम एवढंच, की शेवटी मी पडलो पाहिजे आणि सगळ्यांना ते बघायला मिळालं पाहिजे."

सासूबाईंनी त्यांच्या बशीत आणखी शिरा वाढला. "म्हणजे ह्याला हरायची कुस्ती येते," त्या म्हणाल्या. "ती अवघड असते. माझ्या वडिलांना कधी जमली नाही."

त्यानंतर त्या रोज दुपारी तिकडे जायला लागल्या. इंग्रजी सासूबाईंना येत नव्हतं आणि मराठी आजोबांना. तरी मागच्या अंगणात त्या आजोबांना ढाक हा डाव कसा लावतात ते दाखवत असायच्या, आणि बदल्यात ते त्यांना रागाने बघायचं कसं ते शिकवायचे. ते शिकवायची गरज होती असं मला वाटत नाही. परत जाण्याआधी सासूबाईंनी आजोबांना एक शिवी दिली, म्हणजे भेट दिली: रताळ्या. पुढच्या शोला आजोबांनी ती माईकवरून वापरली. अर्थ कुणालाच कळला नाही, पण अपमान सगळ्यांना कळला. महिन्याभरात हॉलमधले प्लंबर, नर्सेस आणि ट्रकवाले एका सुरात त्यांनाच "रटाल्या, रटाल्या" म्हणायला लागले.

सासूबाई कोल्हापूरला परतल्या. वर्षभराने आजोबांना हॉस्पिटलमध्ये ठेवलं, तेही वेस्टमीडलाच. माझी शिफ्ट संपली की मी वरच्या मजल्यावर त्यांच्याकडे जाऊन बसायचे. एकदा ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात माझ्या मुलीला मॅनेजर नाही." त्यांची मुलगी म्हणजे त्यांनी तयार केलेली पैलवान, रोज इलेक्ट्रिशियनचं काम करणारी, तिशीतली, उंच आणि बोलायला अत्यंत लाजाळू. "तू उभी राहा," ते म्हणाले.

मी हसले. "मला कुणाला वाकडं बोलता येत नाही. मी एटीएमला सॉरी म्हणते."

"मला माहीत आहे. किती वर्षं झाली तुला इथे?"

"सतरा."

"सतरा वर्षं नो वरीज, नो वरीज म्हणते आहेस," ते म्हणाले. "केवढं साठलं असेल."

मी स्टुडंट व्हिसावर आले तेव्हापासून कुणाच्या नजरेत खुपायचं नाही हे मला आपोआप जमलं होतं. घरमालक, कामावरचे साहेब, व्हिसावाले, सगळ्यांशी गोड, सगळ्यांना 'नो वरीज', काही हरकत नाही. हा गोडवा माझा स्वभाव आहे असं मी समजत होते. त्या दिवशी ट्रेनमध्ये बसून मी पहिल्यांदा विचार केला, की खरंच आहे का?

शिकवणी त्यांच्या पलंगाशी झाली. ओरडायचं नाही, आवाज खाली आणायचा, म्हणजे लोक पुढे वाकतात. घाई करायची नाही. लोकांना जे प्रिय आहे त्याला हात घालायचा, त्यांचा फुटबॉल क्लब, त्यांची गाडी, त्यांचं गवत. पण लहान मुलांना काही बोलायचं नाही, कुणाच्या शरीरावरून बोलायचं नाही. "आणि जो एकटा आलाय त्याला कधीच नाही," ते म्हणाले. "तो आधीच घरून धीर करून आलेला असतो." सरावासाठी मी त्यांचा अपमान करायचे. शेजारच्या पलंगावरचे पेशंट नर्सकडे तक्रार करायचे.

शनिवार उजाडला. मी लग्नातली पैठणी नेसले, नाकावर चष्मा, हातात लॅबमधला असतो तसला क्लिपबोर्ड. नवरा शेवटच्या रांगेत बसला होता, म्हणजे गरज पडली तर अनोळखी होता येईल. मी रिंगमध्ये चढले, माईक घेतला आणि तोंडातून पहिला शब्द निघाला, "सॉरी."

सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "नो वरीज, लव्ह." इतक्या प्रेमाने म्हणालं की मला तिथेच रडू आलं असतं. इलेक्ट्रिशियन माझ्याकडे घाबरून बघत होती. मी क्लिपबोर्डकडे पाहिलं. कोरा कागद. मग मी आवाज खाली आणला आणि सावकाश म्हणाले, "सॉरी, मला यायला उशीर झाला. मी तुमची पुढची अंगणं बघत होते. सगळी लिहून घेतली आहेत."

हसू थांबलं.

"चौथ्या रांगेतले, निळा शर्ट. तुमच्या गाडीचं पार्किंग मी बघितलं. दोन जागांत एक गाडी. तुम्हाला कुणी शिकवलं नाही, की शिकवलं आणि समजलं नाही?"

पहिली हुर्यो उजवीकडून आली. मग डावीकडून. मी पान उलटलं. "ट्रॉली. दुकानाची ट्रॉली नेऊन जागेवर ठेवणारे हात वर करा." बरेच हात वर झाले. "खोटं बोलताय," मी म्हणाले, आणि सगळा हॉल फुटला. अडीचशे माणसं माझ्यावर ओरडत होती. ती हुर्यो अंगावर आली ती उन्हाळ्यात दार उघडल्यावर आत शिरणाऱ्या गरम वाऱ्यासारखी. मला भीती वाटेल असं वाटलं होतं. मला बरं वाटलं. एका जागी तर मी चष्म्यावरून बघत गप्प उभी राहिले आणि त्यांना दमेपर्यंत ओरडू दिलं.

शेवट ठरलेला होता: मी दोरावर चढून पंचाला गुंतवणार, आणि समोरची पैलवान माझ्या तोंडावर क्रीमचा केक मारणार. ठरलेलं नव्हतं ते असं, की पैठणीचा काठ दोरात अडकला आणि मी केकसकट पहिल्या रांगेत, एका माणसाच्या मांडीवर जाऊन पडले. तो आमच्या लॅबचा प्रमुख होता. नातवंडांना घेऊन आला होता. मी क्रीममधून त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "मी ट्रॉली जागेवर ठेवतो."

दुसऱ्या दिवशी मी हे सगळं आजोबांना सांगितलं. हसून त्यांच्या छातीत दुखायला लागलं आणि नर्सने मला बाहेर काढलं.

सहा आठवड्यांनी ते गेले. त्यांनी लिहून ठेवलं होतं: भाषणं नकोत, टाळ्या नकोत, मला बाहेर नेताना हुर्यो करा. चॅपल भरलं होतं. अंत्यविधी करणाऱ्या काळ्या सुटातल्या बाईंनी तो कागद दोनदा वाचून दाखवला, तरी कुणाला सुरुवात करवेना. मी सासूबाईंना फोन लावून ठेवला होता. "मेलेल्या माणसाची हुर्यो कुणी उडवतं का," त्या आधी मला रागावल्या होत्या. पण पेटी उचलली गेली आणि त्या शांततेत फोनमधून कोल्हापूरचा खणखणीत आवाज आला, "रताळ्या." तेवढाच, आणि पुढे हुंदका. मग एक म्हातारा ट्रक ड्रायव्हर उभा राहून "बूऽऽ" म्हणाला आणि पाठोपाठ सगळेच. लोक डोळे पुसत हुर्यो करत होते. अंत्यविधीच्या बाई हात जोडून कुठे बघावं ते न कळून छताकडे बघत राहिल्या.

नंतर चहा-सँडविचच्या वेळी माझ्या एक गोष्ट लक्षात आली. जो तो, आजोबांनी आपला काय अपमान केला होता ते सांगत होता. "मला ते उकडलेला कोबी म्हणाले होते." "माझ्या टोपीवर ते पाच मिनिटं बोलले, अख्खी पाच मिनिटं." एका आजींना त्यांनी तरुणपणी, तिघी बहिणींत सगळ्यात भांडकुदळ म्हटलं होतं, आणि उरलेल्या दोघींना त्याचा अजून राग होता. मी तिथे बशी धरून उभी राहिले आणि ऐकत राहिले. कुणाला त्यांची बस आठवत होती, कुणाला लिंबं, पण अपमान सगळ्यांना शब्दन्शब्द पाठ होता.

त्यांचा जांभळा कोट माझ्याकडे आला. मला तो होत नाही, म्हणून तो इलेक्ट्रिशियनने घेतला आणि आपल्या आईकडून बाह्या लांब करून घेतल्या. आता ती माझ्या बाजूने लढत नाही. लोकांना ती फार आवडायला लागली, तेव्हा ठरलं की तिने माझ्याविरुद्ध बंड करायचं. गेल्या महिन्यात ते झालं. मी तिला रिंगमध्ये सगळ्यांसमोर आळशी म्हणाले, तिने क्लिपबोर्ड माझ्या हातातून काढून मोडला आणि मला दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं. तिथून सगळा हॉल दिसतो. खुर्च्यांवर चढलेली माणसं, मीच आडवी असल्यामुळे आडवा दिसणारा माझा नवरा व्हिडिओ घेताना, आणि तोंडं आनंदाने उघडलेली. मला खाली उतरव म्हणून मी ओरडत होते, कारण तसं ठरलं होतं. ती खालून पुटपुटली, "ठीक आहेस ना?" मी ओरडत राहिले आणि हळूच तिला सांगितलं, "अजून एक चक्कर मार."