उन्हाकडे तोंड करून काढलेला बगळा

सासुरवाडीच्या बाहेरच्या खोलीत, दाराच्या बरोबर समोर, मी काढलेला बगळ्याचा फोटो पाच वर्षं टांगलेला होता. पार्ल्याच्या त्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला घरचे तो दाखवत, आणि दाखवताना माझ्या संयमाचं कौतुक करत. ते कौतुक मला लागू नव्हतं. त्या घराबाहेर हे मी कधी बोललो नाही. आता पन्नाशीला टेकलोय, तेव्हा बोलून टाकतो.

फोटोंचं वेड माझ्या थोरल्या मेहुण्यांचं. बायको त्यांना दादा म्हणायची, म्हणून मीही दादाच म्हणू लागलो. ते शाळेत ड्रॉइंग शिकवत. त्रेपन्न-चोपन्नच्या हिवाळ्यात ते दर शनिवारी आमच्याकडे मुलुंडला मुक्कामाला येत आणि रविवारी पहाटे मला घेऊन भांडुपच्या मिठागरांवर जात. आमच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मेहुण्यांवर छाप पाडायची मला फार हौस, पण माझी ख्याती अशी की पंगतीत ताक वाढायला येईतो मी हात धुऊन मोकळा.

"दादा, ह्यांना कशाला नेतोस?" बायको म्हणायची. "ह्यांना चहा मुरेपर्यंत दम निघत नाही. तिथे बगळ्यालाच म्हणतील, आटप लवकर."

"अगं, शिकतील," दादा म्हणत. "जावई झाले म्हणून काय झालं!"

त्या काळी फिल्मच्या डबीतल्या कागदावर छापलेलं असे की ऊन पाठीशी घ्या. सगळे निमूट घेत. दादांचं उलटं. ऊन त्यांना पक्ष्याच्या पाठीशी हवं असे आणि स्वतःच्या डोळ्यांवर. "तोंडावर ऊन पडलं की बगळा म्हणजे चुन्याचा गोळा. मागून येऊ द्या, मग पीस न् पीस वेगळं दिसतं." भिंगावर थेट ऊन पडू नये म्हणून ते आपली काळी टोपी कॅमेऱ्याच्या वर पुढे धरत. मिठागरावरची माणसं हसायची. "काय मास्तर, सूर्याला टोपी घालताय?"

त्यांचा नियम एकच होता आणि तो ते दर रविवारी ऐकवत. "आपल्यामुळे पक्षी उडाला, तर तो फोटो आपला नाही, जावईबापू. त्याला वाटेल तेव्हा तो उडेल. आपण बसायचं."

बसायचं म्हणजे दोन-दोन तास, बांधावरच्या गार चिखलात, मुंग्या आलेल्या पायांनी. अशाच एका रविवारी दादांनी आपला दोन भिंगांचा कॅमेरा माझ्या गळ्यात घातला होता. समोर उथळ पाण्यात एक मोठा बगळा मान आखडून उभा. त्याच्या मागे सूर्य नुकता वर आलेला. त्याने पंख उघडले असते तर ऊन आरपार येणार होतं. उघडत नव्हता. मासा दिसला की मान तेवढी पुढे काढी आणि परत आखडून घेई. दीड तास झाला. दादा थर्मास आणायला पलीकडच्या बांधावर गेले, आणि मी डाव्या हाताने चिखलाचं एक सुकं ढेकूळ उचलून भिरकावलं. बगळा उडाला. उजव्या हाताने मी बटण दाबलं.

पंखांच्या आवाजाने दादा वळले. थर्मास घेऊन पळत आले. "मिळाला?"

"मिळाला असावा."

"आपण होऊन उडाला?"

"हो."

एवढं एकच 'हो'. त्या आठवड्यात त्यांनी पार्ल्याला न्हाणीघरात लाल दिवा लावून तो फोटो छापला, काच बसवली आणि भिंतीवर चढवला. फोटो खरोखरच सुरेख होता. पंख काचेसारखे, कडेला पांढरी रेघ, बाकी सगळं काळं. दादा पाहुण्यांना म्हणत, "आमचे जावई दीड तास हलले नाहीत." मी चहाच्या बशीत बघत बसे. बायको कौतुकाने बघायची, ते तर आणखी वाईट.

पाच वर्षांनी दादांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एका रविवारी त्यांनी कॅमेरा आणि निगेटिव्हचा डबा माझ्यापुढे ठेवला. "संयमी माणसाच्या हाती जावा, म्हणून तुम्हाला देतो."

मी दोन्ही घेऊन मुलुंडला आलो. खिडकीशी उभा राहून त्या बगळ्याची निगेटिव्ह उजेडात धरली. डाव्या कोपऱ्यात, भिंतीवरच्या फोटोत नव्हता असा, माझ्या ढेकळाने उडालेला पाण्याचा एक फवारा होता. उन्हाकडे तोंड करून काढलेल्या फोटोत थेंब न् थेंब पेटतो. निगेटिव्हवर ते सगळे काळे ठिपके होऊन उठले होते. दादांनी छापताना तेवढी कड कापली होती.

आठवडा कसाबसा काढला. मग कॅमेरा घेऊन पार्ल्याला गेलो आणि सगळ्यांदेखत सांगून टाकलं. ढेकूळ मारलं होतं, हा मी घेऊ शकत नाही.

दादांनी कॅमेरा हाताने चाचपून पाहिला. मग म्हणाले, "एवढंच ना? मला वाटलं, पाडलात की काय कॅमेरा."

"पण तुम्हाला ठाऊक होतं!"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"नवी सोयरीक. पहिल्याच हिवाळ्यात जावयाला खोटं पाडू?" मग हसून म्हणाले, "शिवाय ढेकूळ फेकून पाच वर्षं गप्प बसायचं म्हणजे संयम लागतोच की!"

बायको पदर तोंडाला लावून हसत होती. मी हसणार, तेवढ्यात दादांचा आवाज उतरला. "मासेमारी चालली होती हो त्याची. सकाळच्या खाण्यावरून उठवलंत तुम्ही त्याला. आणि मी कड कापली. माझंही चुकलंच."

त्या संध्याकाळी त्यांनी मला न्हाणीघरात उभं केलं आणि स्वतः बाहेर स्टुलावर बसून, एकेक सूचना देत, अख्खी निगेटिव्ह माझ्याकडून छापून घेतली. कड न कापता. जुना फोटो उतरला, नवा चढला. कॅमेरा मात्र त्यांनी परत घेतला नाही.

गणपतीत पहिले पाहुणे आले ते शेजारचे एक पेन्शनर. चष्मा वर करून फोटोच्या कोपऱ्यात बोट लावत म्हणाले, "हे काय चमकतंय? मासा उसळला वाटतं?"

दादांनी शांतपणे माझ्याकडे हात केला. "जावई सांगतील."

मासा म्हणायला जीभ अगदी वळली होती. बायकोने दारातून पाहिलं.

"ढेकूळ आहे," मी म्हणालो. "मी मारलं होतं."

"बगळ्याला?"

"हो."

त्या गृहस्थांनी चष्मा खाली घेऊन माझ्या हातांकडे पाहिलं. मग मोदकांची ताटली त्यांनी माझ्यापासून जरा लांब सरकवली.