धुतलेली पानं

शिरपूरच्या त्या कॉम्प्युटर संस्थेत कुंदाबाईंना ठेवलं होतं फरशी पुसायला. पण बाई मुलखाच्या चौकस. प्रयोगशाळेतली टेबलं पुसता पुसता त्या पोरांच्या मागे जाऊन उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "हाई काय शे?" बाकीची पोरं हसण्यावारी न्यायची. ऋतिका मात्र शेजारची खुर्ची ओढून द्यायची.

ऋतिका तिसऱ्या वर्षाला, शिंदखेड्याच्या एका शिक्षकाची मुलगी. कापसाचं पान मोबाईलसमोर धरलं की मोबाईलनं रोग ओळखावा, असं काहीतरी ती बनवत होती. त्यासाठी त्याला आधी हजारो पानांचे फोटो दाखवून शिकवावं लागतं, हे ऐकलं आणि कुंदाबाईंना राहवेना. म्हणजे बालवाडीच की ही! पानं आणायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. रविवारी नरडाण्याला माहेरी जायचं, भाऊ रुपचंदच्या शेतातून पिशव्या भरून आणायच्या आणि सोमवारी फोटोच्या टेबलावर पानं मांडून ठेवायची. रोगट वेगळी, चांगली वेगळी. या निवडीत त्यांचा हात धरणारं अख्ख्या संस्थेत कोणी नव्हतं, आणि हे त्यांना चांगलं माहीत होतं.

बघता बघता शंभरात सत्त्याण्णव उत्तरं बरोबर यायला लागली. संस्थेच्या वार्षिक मेळाव्यासाठी निवड झाली, पुण्याहून परीक्षक यायचं ठरलं. विभागप्रमुख योगराज सर तर जणू पान त्यांनीच पिकवलं अशा थाटात फिरू लागले.

मेळाव्याला आठ दिवस उरले असताना सगळे रुपचंदच्या शेतात गेले. मोबाईलनं पहिल्या पानाला करपा रोग सांगितला. दुसऱ्याला करपा. विसाव्यालाही करपा. रुपचंद पोट धरधरून हसला. ऋतिकाचं तोंड एवढंसं झालं आणि योगराज सर तापले.

"फोटोंत कोणीतरी ढवळाढवळ केलीय. सापडू दे, पुन्हा प्रयोगशाळेची पायरी चढू देणार नाही!"

कुंदाबाई पानं न्याहाळत होत्या. शेताच्या कडेनं ट्रकचा रस्ता. पावसाळा सरून महिना झालेला, पानापानावर धूळ. त्यांनी एक पान पदरानं पुसून मोबाईलसमोर धरलं. निरोगी. शेजारचं न पुसताच धरलं. करपा. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. नवल वाटता वाटताच त्यांना आपली बादली आठवली. पिशवीतलं एकूण एक पान टेबलावर मांडण्याआधी त्या बादलीत खळबळून, फडक्यानं टिपून ठेवत. पाहुण्यापुढे कोणी धुळकट ताटली ठेवत नाही, मग फोटोला धुळकट पान कसं ठेवायचं? मोबाईलनं धूळ कधी पाहिलीच नव्हती.

त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. गप्प बसल्या असत्या तर खुर्ची टिकली असती. ती खुर्ची त्यांना फार हवी होती. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देत होतं. पण पोरगी बिचारी रात्रंदिवस डोळे फोडत बसेल, हे काही त्यांना पाहवेना.

"बठ्ठा पानं मीच धोयेल शेतस," त्या म्हणाल्या.

ऋतिका म्हणाली, "मावशी, सांगितलं का नाही?"

"तू इचारंच नही."

ते खरंच होतं. पान टेबलावर येण्याआधी त्याचं काय होतं, हे शिकल्यासवरल्या माणसांपैकी एकानंही कधी विचारलं नव्हतं. सरांनाही ते कळलं असावं, कारण पायरीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. पुढचे आठ दिवस सगळ्यांनी मिळून धुळीच्या पानांचे फोटो काढले आणि मोबाईलला पुन्हा शिकवलं.

मेळाव्यात ऋतिकानं दोन्ही आकडे सांगितले: धुतलेल्या पानांचे सत्त्याण्णव, शेतातल्या पानांचे ब्याऐंशी. बादलीची हकिकतही सांगितली. बक्षीस दुसऱ्या गटाला गेलं. पण परीक्षकबाईंनी कुंदाबाईंना पुढे बोलावलं आणि माईक त्यांच्या हातात दिला. "तुम्हाला काही विचारायचंय?"

त्यांना तर केव्हाचं विचारायचं होतं.

"मनी चूक मी सांगी दिनी. पन हाऊ मोबाईल धूळले बी करपा म्हने. त्याले कळनं नही, तर 'माले माहीत नही' अशे का बरं म्हनत नही तो?"

मागच्या रांगांत हशा पिकला. परीक्षकबाई हसल्या नाहीत. त्यांनी ऋतिकाकडे पाहिलं, ऋतिकानं सरांकडे, आणि सर चष्मा पुसू लागले.

"ते आम्ही त्याला शिकवलंच नाही," परीक्षकबाई शेवटी म्हणाल्या.

"मंग शिकाडा ना," कुंदाबाई म्हणाल्या.