पळसाच्या रंगात चिमूटभर चुना

वऱ्हाडी मुलखातल्या मालेगावजवळ आमचा भाजीपाल्याचा मळा आहे आणि मळ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पळसाची चार झाडं. त्या फुलांचा रंग जिलेटिनच्या जेलमध्ये मिसळायचा, जेल नळ्यांत भरायचं आणि त्यावर किरणं सोडायची. रंग जितका उडेल तितका डोस. कॅन्सरच्या रुग्णाला किरणं किती लागतात हे अशा स्वस्त जेलवरून मोजता यावं, हे माझं पीएचडीचं काम होतं.

मी स्वतः काढलेल्या थोड्या रंगावर प्रयोग जमला होता. मोठ्या चाचणीसाठी हॉस्पिटलचं मशीन एकच रविवार मिळणार होतं, आणि फेलोशिपचं ते शेवटचं वर्ष. मला युनिव्हर्सिटीतून हलता येईना, म्हणून मायला रंग काढायला सांगितलं. तिनं दोन बाटल्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठवल्या. रंग इतका सुंदर केशरी होता की मी तो तपासलासुद्धा नाही.

रविवारी आम्ही डोस वाढवत गेलो, पण रंग ढिम्म हलेना. पहिली नळी आणि शेवटची नळी सारखीच. माझ्या गाईड सरांनी वही मिटली.

मी तिथूनच मायला फोन लावला, स्पीकरवर. लॅबमधून सोबत आलेल्या दोघी मैत्रिणींनी ऐकावं अशीच माझी इच्छा होती.

“काय टाकलं तू त्याच्यात?”

“काय टाकन? चिमूटभर चुना. रंगपंचमीले टाकतोच ना आपण. त्याच्याबिगर रंग चढत नाही, पक्काही होत नाही.”

“तुले अक्कल नाही तं कायले हात लावते? अडाण्याच्या हाती काम देल्लं, माहीच चूक झाली. माह्यं सारं वर्ष मातीत घातलं तू.”

माय मग म्हणाली, “झाडाची फुलं झडली, आता पानं आली व. नाही तं पुन्हा काढून देल्ला असता.”

मी फोन कापला. दोघी हसल्या. मीही हसले.

आई अडाणी असणं त्या दिवशी माझ्या फार सोयीचं होतं. कारण रंग काढण्याआधी तिनं मला फोन करून विचारलं होतं, “साधा काढू का रंगपंचमीवानी?” मी कसलीशी वही भरत होते. म्हणाले, “रंगपंचमीवानीच काढ. चांगला गडद.” लहानपणी दर रंगपंचमीला चुन्याची डबी तिच्या हातात मीच द्यायची.

हे मी सरांना सांगितलं नाही. तिलाही नाही.

पीएचडी सुटली. आता मी इथल्याच एका कॉलेजात तासांवर शिकवते आणि घरी राहते. मायनं जन्मभर स्वयंपाक केला, कधी कोणाला काही विचारलं नाही. हल्ली वरण उकळलं की ती माझ्याकडे बघते.

“मीठ टाकू का व?”

कधी कधी मी मुद्दाम उत्तर द्यायला वेळ लावते, आणि ती मिठाची चिमूट हातात धरून तशीच उभी राहते.