टपालकाकांचे बेचाळीस खण

आमच्या बिल्डिंगमध्ये जिन्यामागे एक अंधारी खोली आहे. पूर्वी तिथे पाण्याचा पंप होता. पंप गेला आणि उंदीर आले, उंदीर गेले आणि टपालकाका आले. या सगळ्यांत उंदरांचा त्रास कमी होता, असं काकू म्हणायच्या. काकू ही काकांची सख्खी बायको, तेव्हा त्यांना तसं म्हणायचा हक्क होता. आम्ही फक्त हसून दुजोरा द्यायचो.

काकांची अख्खी नोकरी टपालात गेली. पत्रं वाटणारे नव्हेत, पत्रं वेगळी करणारे. समोर खणाखणांची लाकडी मांडणी, डाव्या हातात गठ्ठा, उजव्या हाताच्या अंगठ्याला रबरी टोपी. पत्त्यावर नजर पडते न पडते तोच पत्र आपापल्या गावच्या खणात. पस्तीस वर्षं हेच. माणूस निवृत्त झाला तरी हात निवृत्त होत नाहीत. पहिल्याच दिवशी सकाळी त्यांनी स्वयंपाकघरातले सगळे डबे खाली काढले आणि वर्गवारीनं पुन्हा लावले. साखर आणि मीठ शेजारी शेजारी, कारण दोन्ही पांढरं. त्या दिवशी चहा प्यायलेला मी एक साक्षीदार आहे.

"खाली जा," काकू म्हणाल्या. "जगात एवढा पसारा पडलाय, तो लावा. माझ्या घराला हात लावाल तर याद राखा."

आता पसाऱ्याला आमच्याकडे तोटा नव्हता. सोळा बिऱ्हाडं आणि फाटकाशी एकच लोखंडी पेटी. तिच्यात भाज्यांची देठं, बाटल्या, फुटके बल्ब, फाटके मोजे, सगळे एका पंगतीला. कचऱ्याची गाडी मर्जीनं यायची. तोवर कुत्री आणि कावळे पेटीचा निम्मा माल अंगणात आणून दाखवायचे. आम्ही नाकाला रुमाल लावून पालिकेला शिव्या द्यायचो आणि वरून आणखी एक पिशवी फेकायचो.

त्याच सुमारास काकांच्या कचेरीत पत्रं वेगळी करायचं यंत्र आलं आणि जुनी मांडणी मोडीत निघाली. काका तिच्याशेजारी हातगाडीवर बसून आले. वरातीतला नवरदेवसुद्धा इतका ताठ बसत नसेल. मांडणी पंपाच्या खोलीत उभी राहिली. बेचाळीस खण. जुन्या गावांच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि काकांच्या मोत्यासारख्या अक्षरात नवी गावं वसली: काच पांढरी, काच रंगीत, झाकणं पत्र्याची, झाकणं प्लॅस्टिकची, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या, संपलेले सेल, एकटे मोजे. शेवटच्या खणावर लिहिलं होतं, "बेवारस".

ओल्या कचऱ्यासाठी मागच्या भिंतीशी भोकं पाडलेली दोन पिंपं. एक थर सालींचा, एक थर वाळक्या पानांचा. रोज सकाळी काका पिंपात नाक घालून वास घ्यायचे, आणि नाकानं पास केलं तरच पुढचा थर. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर चिमट्यांनी टांगलेल्या असायच्या. लांबून वाटायचं, कुणा बाहुल्यांचे कपडे वाळताहेत. दर गुरुवारी भंगारवाली बाई हातगाडी घेऊन यायची आणि वेगळा लावलेला माल पाहून म्हणायची, "काका, तुमच्याकडे आलं की मला बसून राहावंसं वाटतं. बाकी ठिकाणी उकरावं लागतं."

ज्याची पिशवी नीट वेगळी नसेल, त्याची ती परत यायची. अगदी रीतसर. दाराच्या कडीला सुतळीनं बांधलेली, वर गुलाबी चिठ्ठी: "परत. पत्ता अपुरा." खाली कारण. आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात तीन चिठ्ठ्या आल्या. कारण, "कागदात चहाचा चोथा."

आमची ही कमरेला पदर खोचून खाली गेली. "काका, चमचाभर चोथ्यानं काय होतं?"

"वहिनी, चमचाभर चोथ्यानं पाच किलो कागद भिजतो. भिजलेला कागद कुणी घेत नाही. मग तो कुठे जातो?"

"कुठे?"

"तुमच्याच खिडकीसमोरच्या पेटीत."

ही वर आली ती चोथ्याला वेगळं भांडं घेऊनच. मला म्हणाली, "माणूस खडूस आहे, पण बरोबर बोलतो." लग्नाला इतकी वर्षं होऊन यातलं "बरोबर बोलतो" कधी माझ्या वाट्याला आलं नाही.

दोन वर्षांत फाटकाशी कावळे यायचे बंद झाले. एकदा कचऱ्याच्या गाडीचा ड्रायव्हर उतरला, पेटीत वाकून पाहिलं आणि मला विचारलं, "इथं कुणी राहत नाही का हो हल्ली?" पिंपातल्या खतावर भिंतीलगत झाडं इतकी माजली की सेक्रेटरींना पायऱ्यांवरून झुकून चालावं लागायचं.

आता माझ्याकडे येतो. मला बिल्डिंगमध्ये रेडिओ म्हणतात. कुणाचं काय चाललंय हे मला कळायला हवं, आणि कळलं की ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला झोप येत नाही. आणि हा माणूस सोळा घरांचा कचरा रोज हातानं वेगळा करतो! कुणाकडे औषधं वाढली, कुणी काय फाडून टाकलं, सगळं याच्या हातातून जातं. मी दोन वर्षं त्या खोलीत स्टुलावर बसून खोदून खोदून विचारलं.

"काका, तिसऱ्या मजल्यावर काय विशेष?"

"झाकणं पत्र्याची, सात."

"तसं नाही हो. काही आतली गोष्ट?"

"रेडिओ, आवाज कमी कर. टपाल वाचायचं नसतं, पोचवायचं असतं."

शेवटी बातमी मिळेना म्हणून मी तयार केली. एकदा जिन्यात चारपाच जण जमले होते, हसवायची हुक्की आली आणि बोलून गेलो, "काका म्हणत होते, बँकेतल्या साहेबांकडच्या बाटल्या हल्ली फार वाढल्यात." सगळे खो खो हसले. मीही हसलो. साहेब तिसऱ्या मजल्यावरचे, अबोल, इस्त्रीचा शर्ट घालून झोपत असावेत असे. त्यांच्यावर बाटल्या शोभून दिसल्या.

हसणं जिन्यातच संपलं, पण गोष्ट सोळा दारांतून आत गेली. जो तो आपल्या कचऱ्याकडे काकांच्या नजरेनं पाहायला लागला. आठवड्याभरात पिशव्यांना दुहेरी गाठी आल्या. सालींत कागद, कागदांत काच, सगळं पुन्हा एकात एक, म्हणजे काय कशाचं ते कळू नये. काही जण पहाटे फिरायला म्हणून निघायचे आणि पलीकडच्या गल्लीतल्या पेटीजवळून हात झटकत परत यायचे. साहेब तर ऑफिसच्या बॅगेतून बाटल्या न्यायचे. बॅग किणकिणायची. काकांनी गुलाबी चिठ्ठ्या लावल्या, तर त्या फाडून जिन्यात फेकलेल्या सापडल्या. पिंपं रिकामी, दोरी रिकामी. एका गुरुवारी भंगारवाली रिकामी गाडी ढकलत निघून गेली. फाटकाशी कावळे परतले.

सेक्रेटरींचा फरशांचा धंदा. नमुन्याच्या फरशा ठेवायला त्यांना जागा हवीच होती. त्यांनी रविवारी सकाळी अंगणात बैठक बोलावली. विषय एकच: पंपाची खोली रिकामी करणे.

शनिवारी मी खाली डोकावलो. काका ओल्या फडक्यानं खणांवरच्या चिठ्ठ्या काढत होते.

"काय काका, उद्या बैठक आहे आणि आजच आवराआवर?"

"बंद झालेल्या टपालघरावर पाटी ठेवत नाहीत." त्यांनी "एकटे मोजे" ही चिठ्ठी अलगद सोडवली. मग पाठमोरेच म्हणाले, "रेडिओ, बाटल्यांबद्दल मी कधी काही बोललो होतो का रे?"

मी छताकडे पाहिलं. छतावर काही नव्हतं.

"पस्तीस वर्षांत माझ्या हातून एक पाकीट उघडं पडलं नाही," ते म्हणाले. "खोली जायची तर जाऊ दे. मी दुसऱ्याचं टपाल वाचतो म्हणून गेली, असं नको व्हायला."

त्यांनी मला एक शिवी घातली असती तर बरं झालं असतं. मी घरी आलो आणि जेवलो नाही. हिनं कपाळाला हात लावून ताप पाहिला.

रविवारी अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. काका कडेला बसले, अंगठ्याला रबरी टोपी तशीच. सेक्रेटरी घसा खाकरून म्हणाले, "काकांच्या कष्टांबद्दल आदरच आहे. पण कचरा ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे. घरातलं काही बाहेर जाता कामा नये."

"कचरा घरात ठेवता का मग तुम्ही?" काकू मागून म्हणाल्या. थोडेच हसले.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणवाल्या वहिनी उठल्या. या बाई एरवी तोंडात टाचण्या धरून बसतात, त्यामुळे त्यांचा आवाज फारसा कुणी ऐकलेला नव्हता.

"मला बोलायचंय. माझं माहेरी भांडण झालं होतं. भावाचं पत्र आलं, ते मी पाकीट न फोडताच फाडून टाकलं. तीन महिन्यांनी काका दारात. हातात त्याच पाकिटाचे दोन तुकडे, वर सुतळी बांधलेली. म्हणाले, हे फाडलेलं आहे, पण वाचलेलं नाही. असं टपाल कागदात टाकता येत नाही. बेवारस खणात ठेवलं होतं, तुमचा राग किती टिकतो ते बघत होतो. आता टाकू का?"

"मग?" सेक्रेटरींनी न राहवून विचारलं.

"मग काय? माझा भाऊ आता दर महिन्याला येतो, ते तुम्ही बघताच. पण ते पाकीट परत कसं आलं, हे आमच्या ह्यांनासुद्धा आज कळतंय." त्यांचे हे खरोखरच तोंड उघडं टाकून बसले होते. "काकांनी दोन्ही तुकडे होते तसेच दिले. आत डोकावलंसुद्धा नव्हतं. आणि असा माणूस म्हणे बाटल्या मोजतो!"

आता मी उठलो नसतो तर हिनं मला उठवलं असतं. तिचं कोपर आधीच बरगडीत होतं.

"बाटल्यांची गोष्ट माझी आहे," मी म्हणालो. "काका काही बोलले नव्हते. मीच रचली."

साहेब माझ्याकडे वळले. "म्हणजे मी महिनाभर बॅगेतून काच वाहतोय ती तुमच्या विनोदापायी?"

"हो साहेब."

"माझा खांदा धरलाय हो!"

"साहेब, मला काय बोलायचं ते बोला. पण सगळ्यांनी एक ध्यानात घ्या. मी दोन वर्षं रोज त्या स्टुलावर बसलो. मी! आणि या माणसाच्या तोंडून मला झाकणांच्या आकड्यापलीकडे काही काढता आलं नाही. आता तुम्हीच सांगा, तुमची गुपितं याहून सुरक्षित कुठे राहतील?"

आधी साहेब हसले. त्यांना हसताना पाहून बाकीच्यांनाही हसू आवरेना.

मतदान मांडणीपुढेच झालं. एका खणाला "राहू द्या", दुसऱ्याला "काढा", एकेकानं आत जाऊन चिठ्ठी टाकायची. काकांनी मत दिलं नाही, टपालवाल्यानं स्वतःला पत्र पाठवू नये म्हणाले. "काढा"मध्ये एकच चिठ्ठी निघाली आणि ती चकचकीत फरशीच्या जाहिरातीमागे लिहिलेली होती. काकांनी ती उलटसुलट केली आणि म्हणाले, "हा कागद चालत नाही. याला प्लॅस्टिकचा थर आहे." ती वेगळ्या खणात गेली.

दुसऱ्या दिवशी माझ्या कडीला गुलाबी चिठ्ठी होती. पिशवी नाही, नुसती चिठ्ठी. "परत, पाठवणाऱ्याकडे. दर रविवारी आठ वाजता खोलीत हजर राहणे." शनिवारी त्यांनी काढलेल्या चिठ्ठ्या पुन्हा लिहायचं काम माझ्याकडे आलं. माझं अक्षर कोंबडीच्या पायाचं. आजही त्या खणांवर तेच आहे आणि "झाकणं"मधला झ पाहून नवीन माणूस हमखास थबकतो.

सात वर्षं मी रविवारी काकांच्या हाताखाली होतो. दिव्याखाली दोघं उभे, ते न बघता झाकण भिरकावणार आणि ते नेमकं खणात. माझं तिसऱ्या खणावर आपटून जमिनीवर. "गाव चुकलं," ते म्हणायचे. पिंपाचा मातकट वास, धुतलेल्या पिशव्यांवरून ठिबकणारं पाणी, काकूंनी वरून पाठवलेला चहा. त्यात साखरच असायची, पण काका पहिला घोट सावकाश घ्यायचे. इतकं कमी बोलणाऱ्या माणसाबरोबर मी इतका वेळ कसा काढला, कुणास ठाऊक. आज तो वेळ परत मिळत असेल तर मी दिवसभर गप्प बसायला तयार आहे.

मग काकांच्या गुडघ्यांनी जिना नाकारला आणि लेक काका-काकूंना आपल्या गावी घेऊन गेली. निघताना काकांनी अंगठ्यावरची रबरी टोपी काढून माझ्या तळहातावर ठेवली. ती त्यांच्या अंगठ्याइतकीच उबदार होती. वर्षातून दोनदा त्यांचं कार्ड यायचं. पत्ता, "रेडिओ, जिन्यामागची खोली." आत एकच ओळ, "आवाज कमी आहे ना?" गेल्या वर्षी आलेल्या कार्डावर अक्षर काकूंचं होतं, आणि आवाजाचं विचारणारं आता कुणी नव्हतं. वाचलेलं कार्ड खरं तर कागदाच्या खणात जायला हवं. मी ते अजून बेवारसमध्ये ठेवलंय. नियम मोडतोय, माहीत आहे.

आता सोळा घरांचा कचरा माझ्या हातातून जातो. मला सगळं माहीत आहे. साहेबांच्या त्या बाटल्यांत खरोखर काय असायचं, तेसुद्धा. आणि सांगता येत नाही! माझ्यासारख्या माणसाला काकांनी किती विचारपूर्वक शिक्षा दिली, हे मला टोपी घातल्यावर कळलं.

परवा ही म्हणाली, "मला तरी सांगा. मी काय परकी आहे?"

"एक सांगतो."

ती पुढे सरकली.

"आपल्या घरच्या कागदात परत चहाचा चोथा आलाय," मी म्हणालो, आणि तिच्या हातात गुलाबी चिठ्ठी दिली.